दंड भरायला पैसे नसतील तर न्यायालय काय करते, आणि घरच्यांनी काय करावे

इंदूरच्या रामबाग भागातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या धाकट्या दिराच्या लोडिंग रिक्षात 2021 साली दारूच्या पेट्या सापडल्या. मध्य प्रदेश आबकारी अधिनियमाच्या कलम 34(2) खाली मॅजिस्ट्रेट कोर्टाने त्याला एक वर्ष सश्रम कारावास आणि 25,000 रुपये दंड, आणि दंड न भरल्यास आणखी सहा महिने कारावास अशी शिक्षा दिली. अटकेनंतर जामीन होईपर्यंत तो चाळीस दिवस तुरुंगात होता. वर्षाची शिक्षा आता दोन महिन्यांत संपेल, पण रिक्षा गेली, सासऱ्यांचे आजारपण चालू आहे आणि घरात 25,000 रुपये नाहीत. अपील केलेले नाही. दंड माफ होतो का, हप्त्याने भरता येतो का, आधीचे चाळीस दिवस या सहा महिन्यांतून वजा होतात का, आणि सहा महिने भोगले तर दंड फिटतो का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, मी तीस वर्षांहून अधिक काळ इंदूरच्या जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे फौजदारी कामे चालवत आलो आहे, आणि असा प्रश्न घेऊन येणाऱ्या घरांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट उत्तर द्यावे असे माझे मत आहे. आपल्या प्रकरणात खालच्या कोर्टाला दंड माफ करता येत नाही. कायद्यातली हप्त्यांची सोय मुख्यतः ज्यांना फक्त दंडाची शिक्षा झाली आहे त्यांच्यासाठी आहे. आधीचे चाळीस दिवस वर्षाच्या शिक्षेतून वजा होतात, दंडाऐवजीच्या सहा महिन्यांतून होत नाहीत. सहा महिने पूर्ण भोगले तर त्या दंडाची वसुली सहसा होत नाही. मात्र सहा महिने पूर्ण भोगण्याची वेळ येऊ नये यासाठी आपल्या हाती अजून तीन मार्ग आहेत, आणि त्यांपैकी दोन आजपासूनच सुरू करता येतात.

आधी त्या निकालातले एक वाक्य नीट समजून घ्या, कारण घरच्यांचा गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडचे निकाल हिंदीत असतात आणि शेवटच्या पानावर ‘अर्थदंड के व्यतिक्रम में’ अमुक महिन्यांचा कारावास असे लिहिलेले असते. व्यतिक्रम म्हणजे दंड न भरणे. पुष्कळ लोक हे वाचून शिक्षा दीड वर्षाची झाली असे समजतात आणि हताश होतात. शिक्षा एक वर्षाची आणि 25,000 रुपयांची आहे. ते सहा महिने दंड न भरल्याबद्दलचे आहेत आणि पैसे जमा झाले की त्याच क्षणी संपतात. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक 2007 साली ‘शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात ठळकपणे मांडला. त्या प्रकरणात अमली पदार्थांच्या कायद्याखाली दहा वर्षांची कैद आणि एक लाख रुपये दंड झाला होता, आणि दंड न भरल्यास आणखी तीन वर्षांची कैद होती. न्यायालयाने सांगितले की दंड न भरल्याबद्दलची कैद ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, आणि ती ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप, तो घडला ती परिस्थिती आणि आरोपीची आर्थिक स्थिती पाहिली पाहिजे. तीन वर्षांचे सहा महिने झाले. गुजरातमधल्या ‘शहेजादखान पठाण’ प्रकरणातही आरोपी अत्यंत गरीब आहेत हे लक्षात घेऊन न्यायालयाने दंडाऐवजीची तीन वर्षे सहा महिन्यांवर आणली. एक लाखाच्या किमान दंडाला हात लावता येत नव्हता, पण दंडाऐवजीच्या दिवसांना लावता येत होता. आपल्या दिराच्या बाबतीतही तेच खरे आहे. कलम 34(2) मध्ये दंडाची खालची मर्यादाच 25,000 रुपयांची आहे, म्हणून कोर्टाने तो आकडा गरिबी न पाहता लावला असे म्हणता येणार नाही. सहा महिने हा आकडा मात्र कोर्टाने स्वतः निवडलेला आहे.

हा आकडा मन मानेल तसा निवडता येत नाही, त्यालाही मर्यादा आहे. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, त्यात दंडाऐवजीची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त देता येत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम 65 होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 8 मध्ये आले आहे, आणि आबकारीसारख्या विशेष कायद्यांनाही ते लागू पडते. कलम 34(2) ची कमाल कैद तीन वर्षे, तिचा चौथा हिस्सा नऊ महिने. सहा महिने त्याच्या आत बसतात, म्हणून आदेश बेकायदा नाही आणि लढायचे ते तो कठोर असल्याच्या मुद्द्यावर. तरीही हे गणित प्रत्येकाने निकालाची प्रत हातात येताच करून पाहावे. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तिथे दंडाऐवजीची कैद दीड महिन्याच्या पुढे जाऊ शकत नाही. मी असे आदेश पाहिले आहेत ज्यांत ही मर्यादा नजरेआड झाली होती, आणि एका पानाच्या अर्जावर ती दुरुस्त झाली.

ज्या गुन्ह्यांना नुसता दंडच आहे, तिथे पायऱ्या वेगळ्या आहेत. जुन्या संहितेत 50 रुपयांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, 100 रुपयांपर्यंत चार महिने आणि त्यापुढे सहा महिने साधी कैद अशी मर्यादा होती, आणि हे 50 आणि 100 रुपयांचे आकडे थेट 2024 पर्यंत तसेच राहिले. आता 5,000 पर्यंत दोन महिने, 10,000 पर्यंत चार महिने आणि त्यावर एक वर्षापर्यंत अशी रचना आहे. रकमा काळाला धरून वाढल्या हे योग्यच झाले, परंतु वरची मर्यादा सहा महिन्यांवरून एक वर्षावर गेली हे मला पटत नाही. मोठ्या दंडाने ज्याचे काही बिघडत नाही तो भरून मोकळा होतो. वाढलेली कैद भोगतो तो ज्याच्याजवळ नाही तोच.

आता हप्त्यांविषयी. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 424, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 464, असे सांगते की आरोपीला फक्त दंड झाला असेल आणि तो लगेच भरता येत नसेल, तर न्यायालय तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकते. पहिला हप्ता तीस दिवसांत आणि पुढचे प्रत्येकी तीस दिवसांच्या आत. तोवर कैद स्थगित ठेवून माणसाला बंधपत्रावर, म्हणजे मुचलक्यावर, सोडता येते. ही सोय मागावी लागते. न्यायालय ती आपण होऊन देईल या भरवशावर राहू नये.

हे मी एका माणसाच्या तीन रात्रींच्या मोबदल्यात शिकलो. वकिलीच्या पहिल्या वर्षी माझा एक पक्षकार फळांची हातगाडी लावणारा होता. शेजाऱ्याशी मारामारीच्या प्रकरणात त्याला फक्त दंड झाला, एक हजार रुपये, न भरल्यास पंधरा दिवस. शुक्रवारची संध्याकाळ होती, साडेपाच वाजत आले होते. त्याने कमरेच्या पिशवीतून नोटा काढून बाकावर मोजल्या, त्या चारशे साठ भरल्या. मला हप्त्यांचे कलम ठाऊक नव्हते. मी उभा राहून एवढेच म्हणालो की आरोपी गरीब आहे. दुसरा दिवस दुसऱ्या शनिवारचा होता, म्हणून कोर्ट बंद. सोमवारी त्याची आई उरलेले पैसे घेऊन आली, पावती झाली, आणि सुटकेचा कागद तुरुंगात पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. शुक्रवारची फळे गाडीवरच सडली होती. चूक कायद्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलमध्ये निकालाच्या दिवशी हप्ते मागणारा अर्ध्या पानाचा अर्ज सही करून तयार असतो, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक तरुण वकिलाला मी तो पहिल्या आठवड्यात लिहायला लावतो. जुगार, सट्टा, वाहतुकीचे गुन्हे अशा प्रकरणांत जे लोक कोर्टाच्या फेऱ्या चुकवण्यासाठी पहिल्याच पेशीला गुन्हा कबूल करतात, त्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. ‘न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड’ अशी शिक्षा हलकी वाटते, पण दंडाची रक्कम खिशात नसेल तर कोर्ट उठल्यावर घरी न जाता तुरुंगाच्या गाडीत बसावे लागते.

आपल्या दिराला कैद आणि दंड दोन्ही असल्याने हे कलम त्याला सरळ लागू होत नाही. परंतु त्याच्या उपयोगाचा एक नियम कायद्यात आहे. दंडाऐवजीची कैद चालू असताना दंडाचा काही भाग भरला, तर कैदही त्या प्रमाणात कमी होते. जुन्या संहितेत हे कलम 69 होते, नव्या संहितेत ते कलम 8 मध्येच आहे, आणि तिथे उदाहरणही दिले आहे: 1,000 रुपये दंड आणि न भरल्यास चार महिने असतील, आणि पहिला महिना संपण्याआधी 750 रुपये भरले गेले, तर पहिला महिना संपताच माणूस सुटतो. आपला हिशेब याच पद्धतीने मांडा. 25,000 रुपयांना सहा महिने, म्हणजे एका महिन्याला सुमारे 4,167 रुपये. वर्षाची शिक्षा संपण्यापूर्वी 10,000 जमा केले तर 15,000 उरतात, म्हणजे तीन पंचमांश दंड, आणि कैद उरते साधारण 108 दिवसांची. काहीच न भरता तीन महिने गेले, तर पुढे 12,500 भरून तो त्याच दिवशी सुटू शकतो. अपुरी रक्कम घ्यायला खिडकीवर का-कू झाली, तर लेखी अर्ज करून न्यायाधीशांपुढे ठेवावा. मी असे अर्ज केले आहेत आणि ते मंजूर झाले आहेत. पैसे कोणी भरावेत याचेही बंधन नाही. नातेवाईक, मालक, एखादी संस्था, कोणीही भरू शकते.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. 25,000 भागिले 180 दिवस म्हणजे दिवसाला 139 रुपये. आपला दीर लोडिंग रिक्षा चालवून दिवसाला याच्या कितीतरी पट कमावत होता. म्हणजे घराला पैशाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडणारी गोष्ट कोणती, तर त्याला आत ठेवून दंड वाचवणे. म्हणून मी अनेक कुटुंबांना सांगतो की सावकाराकडे जाऊ नका, पण मालकाकडून उचल, भिशी, नात्यातले उसने असे काही शक्य असेल तर ती रक्कम निम्मी असली तरी भरा, कारण सुटलेला माणूस ती लवकर फेडतो. काही देशांनी हा प्रश्न मुळातच वेगळा सोडवला आहे. फिनलंडमध्ये 1921 पासून, आणि स्वीडनमध्ये 1931 पासून, न्यायालय दंड दिवसांत मोजते आणि एका दिवसाची किंमत त्या माणसाच्या कमाईवरून ठरवते, त्यामुळे एकाच गुन्ह्याला श्रीमंत जास्त आणि मजूर कमी रुपये भरतो, पण झळ दोघांना सारखी लागते. 2023 साली आपण तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले तेव्हा हा विचार करण्याची संधी होती. ती गेली याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या कायद्यातली एक विसंगती इथे सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्यावर उभा आहे. दिवाणी कर्ज थकले आणि सावकाराने किंवा बँकेने हुकूमनामा मिळवला, तरी केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात घालता येत नाही. ऐपत असून तो टाळतो आहे हे आधी दिसले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या ‘जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन’ या निकालात हे सांगितले. फौजदारी दंडात मात्र ‘देऊ शकत नाही’ आणि ‘देत नाही’ यांतला फरक तपासण्याचा टप्पा कायद्याने कुठेच सक्तीचा केलेला नाही. दंड भरला नाही एवढ्यावर कैद सुरू होते. दंड अवाजवी नसावा हे कायद्यात आहे. 1977 च्या ‘पलानिअप्पा गौंडर’ प्रकरणात जन्मठेपेसोबत ठोठावलेला मोठा दंड सर्वोच्च न्यायालयाने याच विचाराने खूप कमी केला होता. पण ऐपतीची चौकशी आपोआप होत नसल्याने जी गरिबी कागदावर आली नाही ती न्यायालयापुढे नाहीच, आणि ती कागदावर आणण्याचे काम आरोपीच्या वकिलाचे आणि घरच्यांचे आहे.

ते कसे होते तेही सांगतो. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत ऐकले जाते. आपल्याकडच्या निकालांत ‘दंड के प्रश्न पर सुना गया’ असे लिहून पुढे ‘अभियुक्त गरीब व्यक्ति है, प्रथम अपराध है, परिवार में अकेला कमाने वाला है’ अशी ओळ येते. ती इतक्या निकालांत आहे की कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. त्याऐवजी गरिबी रेषेखालचे रेशनकार्ड, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब ओळख क्रमांक), संबल योजनेचे (असंघटित कामगारांसाठीच्या राज्य योजनेचे) कार्ड, घरभाड्याची पावती, म्हाताऱ्यांच्या औषधांची बिले, मुलांच्या शाळेचे शुल्क आणि एक साधे शपथपत्र अशी सात-आठ पाने त्या वेळी फाइलमध्ये गेली, तर त्यांचा उल्लेख निकालात करावा लागतो, आणि पुढे वरच्या कोर्टात तोच उल्लेख कामी येतो. आपल्या दिराच्या निकालात अशी काही नोंद नसेल, तर ही कागदपत्रे आता गोळा करा. पुढच्या दोन्ही मार्गांना ती लागतील.

पहिला मार्ग अपिलाचा. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची असते. ती उलटून गेली आहे, पण मुदत अधिनियमाच्या कलम 5 खाली उशीर माफ करण्याचा अर्ज जोडता येतो. माणूस तुरुंगात असणे आणि घरात वकील करायला पैसे नसणे ही खरी कारणे आहेत, ती तारखांसह लिहावीत. अपिलात सगळा निकाल उलटवण्याची आशा धरून बसण्यापेक्षा दंडाऐवजीचे सहा महिने कमी करावेत ही मागणी ठळक ठेवावी, आणि शांतिलाल निकालाची प्रत जोडावी. अपील चालेपर्यंत शिक्षा स्थगित करताना ‘दंडाची रक्कम जमा केल्यास’ अशी अट सर्रास घातली जाते. ती झेपणारी नसेल तर दंडालाही स्थगिती द्यावी असा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्यावा. अपिलाचा हक्कच निरर्थक होईल इतकी जाचक रक्कम मागू नये, हे 2007 च्या ‘दिलीप डहाणूकर’ निकालात आहे. धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत अपिलाच्या वेळी किमान वीस टक्के जमा करण्याचे कलम 148 असते, त्यातही अपवाद करता येतो असे 2023 च्या ‘जंबू भंडारी’ प्रकरणात, जे मध्य प्रदेशातूनच गेले होते, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. तुरुंगात असलेल्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 खाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 15100 हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे.

दुसरा मार्ग मला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो कित्येक वकिलांनाही माहीत नसतो. केंद्र सरकारने 2023-24 च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांच्या मदतीची योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी गृह मंत्रालयाने तिच्या सूचना काढल्या. केवळ दंड न भरल्यामुळे ज्याची सुटका अडली आहे अशा शिक्षा झालेल्या कैद्याच्या दंडापोटी 25,000 रुपयांपर्यंतची रक्कम जिल्हा पातळीवरची समिती मंजूर करते आणि ती थेट न्यायालयात भरली जाते. समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, तुरुंगाचे अधिकारी आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले न्यायाधीश असतात. रक्कम 25,000 च्या वर असेल तर प्रस्ताव राज्य पातळीवरच्या समितीकडे जातो. दंडामुळे कोण अडकला आहे हे तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते आणि सचिवांनी त्याच्या आर्थिक स्थितीची चौकशी करवून घ्यायची असते. आपला दंड नेमका 25,000 आहे, म्हणजे मूळ मर्यादेत बसतो. मर्यादेत बदल झाला असल्यास प्राधिकरणाच्या कार्यालयात चालू सूचना विचारून घ्या. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, काळ्या पैशाचे व्यवहार अशा कायद्यांखालच्या आरोपींना या योजनेतून जामिनासाठी मदत देऊ नये असे सूचनांत म्हटले आहे. आबकारी कायदा त्या यादीत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे वर सांगितलेला प्रमाणात भरण्याचा, आणि तो पहिल्या दोहोंच्या जोडीनेही चालतो.

आपल्या चाळीस दिवसांच्या प्रश्नाचे कारण असे की खटल्याआधीच्या कोठडीची वजावट देणाऱ्या कलमातच (जुने 428, नवे 468) दंडाऐवजीची कैद वगळलेली आहे. ते दिवस वर्षातून वजा झाले आहेत की नाही हे मात्र सजा वारंटवर, म्हणजे कोर्टाने शिक्षा भोगण्यासाठी तुरुंगाकडे पाठवलेल्या कागदावर, पाहून घ्या. नसतील तर आधी तोच अर्ज करा, कारण त्याने सुटका चाळीस दिवस अलीकडे येते. कोणाला दोन प्रकरणांत दंड झाला असेल, तर दंडाऐवजीच्या कैदा एकत्र भोगता येत नाहीत, एकामागून एक भोगाव्या लागतात, असे 2018 च्या ‘शरद हिरू कोळंबे’ निकालात ठरले आहे.

दंडाऐवजी समाजसेवा करून सुटता येईल का, असेही हल्ली बरेच जण विचारतात. नव्या संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आली आहे, पण ती मोजक्या गुन्ह्यांसाठीच आहे, जसे की 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी ज्यात माल परत केला आहे, किंवा सार्वजनिक जागी दारू पिऊन गैरवर्तन. ज्याला दंड झाला आणि भरता येत नाही त्याने त्याऐवजी काम करावे, अशी सर्वसाधारण सोय कायद्यात नाही. ती असावी असे माझे ठाम मत आहे. ज्यांचा पहिलाच आणि किरकोळ गुन्हा आहे त्यांच्या वकिलांनी त्यापेक्षा परिवीक्षा अधिनियम 1958 ची कलमे 3 आणि 4 निकालापूर्वीच मागावीत. समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सुटका झाली की दंडाचा प्रश्नच राहत नाही.

सहा महिने भोगल्यानंतरच्या वसुलीबद्दल इतकेच की दंडाऐवजीची पूर्ण कैद भोगलेल्या माणसाच्या मालमत्तेवर वसुलीचे वारंट काढायचे तर न्यायालयाला विशेष कारणे लिहावी लागतात, किंवा त्या दंडातून फिर्यादी पक्षाला खर्च वा भरपाई देण्याचा आदेश असावा लागतो. आपल्या प्रकरणात भरपाईचा आदेश नसावा. निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात पाहून खात्री करा. कैद अर्धवट भोगली असेल तर उरलेला दंड सहा वर्षांपर्यंत वसूल होऊ शकतो, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखाही, पण त्या वारंटवर पुन्हा अटक करता येत नाही.

आता या आठवड्यात करायचे काम. पुढच्या भेटीत दिराला त्याच्या हिस्ट्री टिकटावरची, म्हणजे तुरुंगातल्या नोंदपत्रावरची, सुटकेची तारीख विचारायला सांगा, दंड भरल्यास कोणती आणि न भरल्यास कोणती, दोन्ही. त्याच्याच सहीने तुरुंग अधीक्षकांच्या नावे एक अर्ज द्यायला सांगा की माझ्याकडे दंड भरण्याची ऐपत नाही, माझे नाव गरीब कैदी योजनेसाठी प्राधिकरणाकडे पाठवावे. तसाच अर्ज आपण स्वतः प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्या, सोबत निकालाची प्रत, सासऱ्यांच्या औषधांची बिले, रेशनकार्ड आणि समग्र आयडी जोडा, आणि त्याच अर्जात मोफत वकिलाचीही मागणी लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नका. चौकशी आणि समितीची बैठक यांत काही आठवडे सहज जातात, आणि दोन महिने संपल्यावर अर्ज केला तर ते आठवडे त्याला आतच काढावे लागतील. पैसे मंजूर होऊन न्यायालयात जमा झाले, की त्या दिवशी कोणीतरी कोर्टात हजर राहून पावतीची नक्कल घ्या आणि सुटकेचा आदेश तुरुंगाकडे रवाना झाला का हे जावक नोंदीत स्वतः पाहून या.